पावतीतील एक ओळ

सोलापूरहून सुमारे १५ किलोमीटरवर होटगी जंक्शन आहे. मुंबईकडून आलेला लोहमार्ग येथे दुभंगतो. एक वाट वाडीकडे जाते, दुसरी विजापूर-गदगकडे. स्टेशनच्या आधाराने वाढलेल्या व्यापारी घरांना जोखमीचा हिशेब कोणी शाळेत शिकवला नाही. तो मालाच्या पावतीवरच असे. रेल्वेने माल पाठवायचा तर दर दोन. एक रेल्वेच्या जोखमीचा, दुसरा मालकाच्या जोखमीचा. दुसरा स्वस्त. गोणी सुखरूप पोहोचली तर चार पैसे वाचले. वाटेत भिजली तर रेल्वेची चूक सिद्ध करण्याचे ओझे आपल्याच शिरावर. त्याच्याही आधी बंदरांच्या व्यापारात जोखमी हुंडी होती. माल पोहोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. गलबत बुडाले तर देणे उरत नसे. हुंडी विकत घेणारा सावकारच तेथे विमेकरी होई.

होटगीतील एका भुसार मालाच्या दुकानात या जुन्या अनुभवाचे एक वाक्य तीन पिढ्या चालत आलेले आहे. ‘दर कमी दिसला, की जोखीम कोणाकडे गेली ते आधी पाहावे.’ या दुकानाचे अण्णा आज ७४ वर्षांचे आहेत. व्यवहार मुलाने हाती घेऊन बरीच वर्षे झाली. पण चारचाकी अण्णांच्या नावावर आणि तिची किल्ली अण्णांच्या खिशात. गाडीविषयी त्यांना अभिमान आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली, तिची जुनी फियाट अण्णांच्या वडिलांनी घेतली होती. तिच्यावरच अण्णा गाडी शिकले. पुढे तीन गाड्या आल्या आणि गेल्या; चालवणारा हात मात्र तोच राहिला.

यंदा दिवाळीचे वहीपूजन होऊन आठवडा झाला होता. गाडीच्या विम्याची मुदत संपत आली म्हणून सोलापूरहून विमा एजंट आला. बैठकीत अण्णा, त्यांचा मुलगा आणि बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली १९ वर्षांची नात बसली होती. नातीला उन्हाळ्यात चारचाकीचा पक्का परवाना मिळाला होता. अण्णांच्या मनात एक शंका घोळत होती. न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याने दिवाळीच्या फोनवर सांगितले होते, की त्याच्या १७ वर्षांच्या मुलाचे नाव पॉलिसीत घालताच विम्याचा हप्ता एकदम चढला.

“आमची नात आता गाडी चालवणार,” अण्णा म्हणाले. “मग आपलाही हप्ता वाढणार का?”

एजंट हसला. “नाही अण्णा. आपल्याकडं हप्ता गाडी बघून ठरतो, चालवणारा बघून नाही.”

अण्णांना हे उत्तर आवडले. पण पटले नाही. आणि त्यांची शंका रास्त होती.

अमेरिकेत कंपनी घरातील प्रत्येक चालकाचे नाव, वय, परवान्याची वर्षे आणि पूर्वीचे अपघात विचारते. तेथील अनुभव असा, की नवशिक्या किशोरांच्या हातून, चाललेल्या अंतराच्या मानाने, सर्वांत जास्त अपघात होतात. पुढे वय वाढते तसे प्रमाण खाली येते, प्रौढपणी स्थिरावते आणि सत्तरीनंतर पुन्हा वर चढू लागते. युरोपात तर तरुण मुलग्यांकडून मुलींपेक्षा जास्त हप्ता घेण्याची रीत होती. १ मार्च २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने हा भेद रद्द ठरवला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून तो बंद झाला. वयाचा भेद मात्र राहिला.

आपल्याकडील व्यवस्था वेगळ्या वाटेने घडली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला आणि ती सक्ती १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर दीर्घकाळ मोटार विम्याचे दरपत्रक देशभर एकच होते. गाडीची घनक्षमता, तिचे वय, तिची किंमत आणि नोंदणीचे ठिकाण, एवढेच त्यात पाहिले जाई. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात आणि बाकी सारा देश ‘ब’ विभागात. एमएच-१३ क्रमांकाची सोलापूरची गाडी म्हणूनच पुण्याच्या गाडीपेक्षा किंचित स्वस्त पडे. एकाच गाडीवर बाप, मुलगा, सून आणि पगारी चालक असे चौघे हात ठेवत असल्याने माणसामाणसाचा दर लावणे व्यवहारात अवघडही होते.

१ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दर कंपन्यांवर सोपवण्यात आला. आता काही कंपन्या मालकाचे वय आणि गाडीचा वापर यांकडे पाहू लागल्या आहेत. २०२२ मध्ये विमा नियामकाने ‘जितके चालवाल तितके भरा’ आणि ‘जसे चालवाल तसे भरा’ अशा धर्तीच्या योजनांनाही परवानगी दिली. तरीही सर्वसाधारण घराच्या हप्त्यात मुख्य भार आजही गाडीचाच असतो.

त्या दिवशी एजंटाने मांडलेला हिशेब असा होता. गाडी १,१९७ सीसीची, चार वर्षे पुरी होणारी. तिऱ्हाइताच्या जबाबदारीचा हप्ता सरकार ठरवते. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये. अण्णांचे ३,४१६. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता तिच्या घटत्या किमतीवर असतो. तीन वर्षांवरील आणि चार वर्षांपर्यंतच्या गाडीच्या मूळ किमतीतून ४० टक्के घसारा वजा होतो. त्या किमतीवर कंपनीने १२,००० रुपये धरले होते. चार वर्षांत एकही दावा केलेला नसल्याने त्यातून ४५ टक्के ‘नो क्लेम बोनस’ वजा, राहिले ६,६००. दोन्ही मिळून १०,०१६ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. वैयक्तिक अपघात संरक्षणाची काही शे रुपयांची ओळ शेवटी वेगळी.

या बोनसचे मोल पुष्कळ घरांत ओळखले जात नाही. दावा नसलेल्या प्रत्येक वर्षानंतर तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढतो. एक दावा केला की शून्यावर येतो. बंपरला खोक पडली आणि ४,००० रुपये कंपनीकडून घेतले, तर पुढच्या वर्षी १२,००० वरील ५० टक्के सूट, म्हणजे ६,००० रुपये, हातचे जातात. पुन्हा पायऱ्या चढेपर्यंतची पाच वर्षे आधारहप्ता तेवढाच धरून मोजली, तर सुटलेली सूट १५,००० रुपयांपर्यंत पोहोचते. म्हणून जाणता व्यापारी किरकोळ दुरुस्ती खिशातून करतो आणि विमा मोठ्या घावासाठी राखतो. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, हेही लक्षात ठेवावे. गाडी विकली तरी तो नव्या गाडीला लावता येतो. मात्र पॉलिसीची मुदत संपून ९० दिवस उलटले, की तो बुडतो.

हिशेब संपला. एजंटाने फॉर्म भरायला घेतला आणि अण्णांकडे परवान्याची प्रत मागितली. एवढी वर्षे तो त्या चौकटीत न विचारता खूण करीत असे. यंदा कंपनीने प्रत मागवली होती. अण्णांनी पाकिटातून परवाना काढून नातीच्या हाती दिला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि हळूच म्हणाली, “आजोबा, याची मुदत भाद्रपदातच संपली आहे.”

बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही.

पंचावन्न वर्षांनंतर परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो. अण्णांनी तो ६९ व्या वर्षी नवा करून घेतला होता. मुदत संपल्यावरही ३० दिवस तो चालू मानण्याची पूर्वीची सवलत २०१९ च्या कायदादुरुस्तीने गेली आहे. म्हणजे भाद्रपदापासून अण्णा जितक्या वेळा सोलापूरला गेले, तितक्या वेळा ते कायद्याच्या दृष्टीने परवान्याविना गेले.

नातीने मागच्या वर्षाची पॉलिसी उघडली. ज्या पानांकडे घरात कोणी पाहिले नव्हते, ती ती वाचू लागली. चालकाचे कलम स्पष्ट होते: अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याजवळ चालू परवाना हवा. नसेल तर गाडीच्या दुरुस्तीचे पैसे कंपनी नाकारू शकते. मालक-चालकासाठी असलेले १५ लाखांचे अपघात संरक्षणही चालू परवान्याशीच बांधलेले असते.

“आणि गाडीखाली कोणी सापडला तर?” अण्णांनी विचारले.

हाच प्रश्न सर्वांत जड होता. तिऱ्हाइताच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई किती, याला पॉलिसीत कमाल रक्कम नसते. मृताचे वय, मिळकत आणि आश्रित पाहून न्यायाधिकरण ती ठरवते. मालमत्तेच्या नुकसानीसाठी मर्यादा साडेसात लाखांची. चालकाजवळ परवाना नसल्यास पीडित कुटुंबाला वाऱ्यावर सोडू नये म्हणून न्यायालये कंपनीला आधी पैसे देण्यास सांगतात आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात हे सूत्र सविस्तर मांडले. तेथे असेही म्हटले आहे, की परवाना नव्हता एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली हे तिला सिद्ध करावे लागते. पण येथे मालक आणि चालक एकच. स्वतःच्या परवान्याची तारीख स्वतःला ठाऊक नव्हती, असे कोणत्या तोंडाने सांगणार? अशा वेळी वसुली पोहोचते ती दुकानाच्या भांडवलापर्यंत आणि राहत्या घरापर्यंत.

नातीचे वाचन चालूच होते. खासगी मोटारीची पॉलिसी भाड्याने वाहतूक करण्याला लागू नाही. नमुने आणि स्वतःचे सामान सोडून मालाची ने-आण करण्यालाही लागू नाही. हे ऐकून तिच्या वडिलांनी मान खाली घातली. मागची आसने आडवी करून तुरीची चार पोती सोलापूरला पोचवण्याची त्यांना सवय होती, आणि तो वाचलेला टेम्पोभाडा ते नफ्यात धरीत. स्वस्त दराची जोखीम कोणाकडे गेली होती, ते आता समोरच्या कागदावर छापलेले दिसत होते.

“एवढं काय त्यात, अण्णा,” मुलगा सावरून म्हणाला. “परवाना नवा करून घेऊ. डॉक्टरांचं एक प्रमाणपत्र लागतं, तेवढंच.”

चाळिशीनंतर नूतनीकरणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यात दृष्टीचीही नोंद असते. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डॉक्टरला मी काय सांगू?”

या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण होते. अण्णांनी हा नेम कधी मोडला नव्हता. यंदाच्या चातुर्मासात मात्र दोनदा ते सोलापूरहून उशिरा परतले आणि उपाशीच झोपले. विचारले तेव्हा, “रस्त्याला गर्दी होती,” म्हणाले. पंधरा किलोमीटरांना लागणारी पाऊणएक घटका गर्दीने तासावर कशी गेली, हे सुनेला उमगले नव्हते. पण तिने विषय वाढवला नाही. त्या दिवशी अण्णांनी स्वतःच सांगितले. संध्याकाळी होटगीकडे येताना मावळता सूर्य पाठीशी असतो. तो आरशात शिरला, की समोरचे सगळे पांढरे होऊन जाते. सायकलवाला दिसत नाही, शेळी दिसत नाही. दोन्ही वेळा त्यांनी गाडी रस्त्याकडेच्या लिंबाखाली उभी केली होती आणि सूर्य बुडेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले होते.

“मोतीबिंदू असेल, अण्णा,” मुलगा म्हणाला. “शस्त्रक्रियेनं जातो तो.”

“जाईल. डोळा सुधारेल. पण ब्रेकवर पाय जायला लागतो तो वेळ? गेल्या महिन्यात मांजर आडवं आलं. ते त्याच्या नशिबानं वाचलं, माझ्या पायानं नाही.”

घरात प्रत्येकाला काहीतरी दिसले होते. सुनेला दाराच्या खांबाला लागलेला गाडीचा रंग दिसला होता. मुलाला मागून वाजणारे कर्णे ऐकू आले होते. पण अण्णांकडून किल्ली मागणे म्हणजे त्यांच्याकडून दुकानाची गादी दुसऱ्यांदा मागणे, असे वाटून कोणी बोलले नाही. आदरापोटी पाळलेले मौन किती महाग पडू शकते, याचा आकडा कोणत्याही दरपत्रकात नसतो.

येथेच विम्याच्या आपल्या पद्धतीतील खरी मेख आहे. न्यू जर्सीत भाच्याच्या मुलासाठी वाढलेला हप्ता हा एक प्रकारचा इशाराच होता: या हाती चाक देताना विचार करा. आपल्या हप्त्यात असा इशारा नाही. १९ वर्षांची नवशिकी नात चालवो, ७४ वर्षांचे आजोबा चालवोत, ३,४१६ रुपये तेवढेच राहतात. आणि हप्ता बदलत नाही म्हणून जोखीमही बदलत नाही, असा समज नकळत घर करतो. वयाचा प्रश्न आपल्याकडे हप्ता भरताना कोणी विचारत नाही. तो दाव्याच्या वेळी विचारला जातो, आणि तेव्हा उत्तर दुरुस्त करता येत नाही. मुलगा अठरा वर्षांचा होण्यापूर्वीच कौतुकाने किल्ली देणाऱ्या पालकांनाही हेच लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. कंपनी जे विचारत नाही, ते घराने वर्षातून एकदा तरी विचारावे: चाकावर कोण बसतो, त्याच्या परवान्याची तारीख काय, त्याचे डोळे कसे आहेत आणि गाडीत काय वाहिले जाते?

अण्णांनी किल्ली खिशातून काढून चौरंगावरच्या वहीवर ठेवली. मुलाने विचारले, की मग गाडी माझ्या नावावर करून घेऊ का? येथे अण्णांच्यातील व्यापारी जागा झाला. हयातीत नाव बदलले तर ४५ टक्क्यांचा बोनस मुलाकडे जात नाही. वारसाला तो मालकाच्या पश्चातच मिळतो. “मग राहू दे माझ्याच नावावर,” ते म्हणाले. “नाव गाडीला लागतं, डोळे लागत नाहीत.” तुरीची पोती यापुढे टेम्पोनेच जातील, हेही त्याच बैठकीत ठरले. आणि नातीने पहिले सहा महिने रात्री आणि महामार्गावर एकटीने जावयाचे नाही. माघात कुंथलगिरीला जाताना चाकावर वडील बसतील.

एजंटाने फॉर्म पुरा केला. मालकाजवळ चालू परवाना नाही, या चौकटीत पहिल्यांदा खरी खूण झाली, आणि त्यामुळे मालक-चालकाच्या अपघात संरक्षणाची ओळ गळाली. नवी पावती अण्णांनी चष्मा लावून वाचली. गाडीची घनक्षमता तीच, किंमत ठरल्याप्रमाणे, बोनस ४५ टक्के, तिऱ्हाइताचे ३,४१६. सगळ्या पावतीत माणसाची चौकशी करणारी एकच ओळ होती, आणि तिच्यासमोर आता आडवी रेघ होती. हप्ता काही शे रुपयांनी उतरला होता.

दर कमी दिसला, की जोखीम कोणाकडे गेली ते पाहावे. अण्णांनी नातीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सोलापूरला निघाले. पन्नास वर्षांत प्रथमच ते उजव्या दाराकडे न जाता डावीकडे वळले. नातीने पट्टा लावला, आरसा आपल्या उंचीला बसवला आणि आजोबांकडे पाहिले.

“सावकाश चल, बाळ,” अण्णा म्हणाले. “सूर्य मावळायला अजून पुष्कळ वेळ आहे.”